जुनी दोन-स्ट्रोक मोटारसायकल पुन्हा मातीच्या वाटेवर आणताना

सोलापूर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर, कडब्याच्या गंजीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शहरातल्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली, वर्षानुवर्षे जागची न हललेली एखादी येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० आजही सापडते. खास मातीच्या शर्यतींसाठी बांधलेल्या परदेशी गाड्या आपल्याकडे फार थोड्यांच्या हाती आल्या. मुरमाच्या वाटा, शेताचे बांध आणि ओढ्यांचे उतार आपल्या माणसांनी पार केले ते याच गाड्यांवर. पुढचे मडगार्ड उंच केले, खोल खाचांचे टायर चढवले आणि अनावश्यक लोखंड उतरवले की ही गाडी माळरानावर आजही समाधानाने चालते. ज्यांनी आजवर प्लग साफ करण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, अशांनी ती पुन्हा सुरू कशी करावी हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. सर्व सूचना हवेने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठी आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: गाडी हाती आल्यावर पहिल्या दिवशी किक मारू नये. बंद गाडी उभी राहून जितकी खराब होते, त्याहून जास्त खराबी ती सुरू करण्याच्या घाईत होते, असे माझे ठाम मत आहे. उभ्या गाडीच्या सिलिंडरवरचा तेलाचा पातळ थर केव्हाच वाळलेला असतो, लोखंडी भिंतीवर गंजाची पुटकुळी आलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटलेल्या असतात. अशा स्थितीत जोरात किक मारली तर गंज रिंगेखाली घासला जातो, रिंग मोडू शकते, आणि शे-दोनशे रुपयांत सुटणारे काम बोर मारण्यापर्यंत, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यापर्यंत, जाते. म्हणून इंजिन हाताने फिरते का, इंधनाची वाट स्वच्छ आहे का, हवा फक्त फिल्टरमधूनच आत जाते का, ठिणगी वेळेवर पडते का, एवढे प्रश्न सुटल्यावरच किककडे वळावे.

गाडीची ओळख आणि कागद

सुटे भाग मागण्यापूर्वी आपल्यापुढे नेमके काय उभे आहे हे ठाऊक असले पाहिजे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने २५० सीसीच्या गाड्या काढल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत पोलंडच्या एसएचएल एम११ या गाडीवर बेतलेली होती. यामाहाची आरएक्स १०० ही ९८ सीसीची गाडी १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले, परंतु त्या नव्या गाड्या चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या आहेत आणि त्यांचा एकही इंजिन-भाग जुन्या गाडीला बसत नाही. दुकानात ‘जुनी, दोन-स्ट्रोक’ असे स्पष्ट सांगावे. शक्य असेल तेव्हा जुना भाग पिशवीत घालून सोबत न्यावा.

कागदांचे काम पैसे खर्च करण्याआधी करावे. आरसी पुस्तकातला चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नोंदणीला पंधरा वर्षे उलटली असतील तर सोलापूरच्या (एमएच-१३) परिवहन कार्यालयात तपासणी करून घेऊन नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. मात्र तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि मातीसाठी मोठे बदल केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. ज्या गाडीला कागदच नाहीत तिच्यावर हात न टाकलेला बरा.

खोलण्याआधी

गाडी पाण्याने धुण्याआधी कोरड्या ब्रशने आणि कापडाने साफ करावी. याचे कारण असे की कार्ब्युरेटरचे तोंड, प्लगचे भोक किंवा सायलेन्सरचे टोक उघडे असेल तर पाणी आणि माती थेट आत जाते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कडब्याचे आणि चिंध्यांचे घर केलेले असते. सायलेन्सरच्या तोंडाशी टॉर्च धरून पाहिले तर अनेकदा कुंभारीण माशीने लिंपलेले मातीचे घर दिसते: बोटाच्या पेराएवढे, दगडासारखे घट्ट, आणि फोडले की आतून वाळलेल्या कोळ्यांचा चुरा पडतो. असे एक-दोन गोळे नळीत अडकले तर जळालेला वायू बाहेर पडू शकत नाही. मग माणूस दिवसभर कार्ब्युरेटर आणि प्लग यांच्यातच दोष शोधत बसतो. ते लाकडी काडीने फोडावे आणि नळी उलटी करून पूर्ण झटकावी.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढावेत. वायरी कुठून कुठे जातात, केबल कोणत्या बाजूने वळते, वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने आहेत, हे आठवणीवर सोडू नये. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवून वर कागद चिकटवावा. गंजलेल्या बोल्टावर गंज सोडवणारे स्प्रे किंवा डिझेल आदल्या रात्री सोडावे. जोर लावायचा असेल तर बोल्टच्या मापाचा रिंग पाना वापरावा. पक्कड लावल्यास बोल्टचे कोपरे गोल होतात आणि पुढे तो छिन्नीनेच काढावा लागतो.

इंजिन हाताने फिरवणे

प्लग काढावा आणि टॉर्चच्या उजेडात भोकातून पिस्टनचा माथा पाहावा. माथ्यावर कोरडा काळा कार्बन असणे स्वाभाविक आहे. तांबूस पूड दिसली तर पाणी शिरले आहे असे समजावे. त्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचे) तेल किंवा तेल आणि डिझेलचे निम्मे-निम्मे मिश्रण सोडावे आणि गाडी एक रात्र तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने पुढे-मागे हळूच झुलवावे. वरच्या गिअरमध्ये चाक फिरवले की इंजिन थोडेथोडेच फिरते आणि हाताचा जोर त्याच्यावर जास्त लागतो, म्हणून अडथळा जाणवताच थांबावे. पहिल्या दिवशी ते तसूभरच हलले तरी पुरे. पुन्हा तेल सोडावे आणि पुन्हा वाट पाहावी. आठवडाभरानंतरही पिस्टन हलत नसेल तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, काढावे. वरून हातोडा मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण ॲल्युमिनियमच्या पिस्टनला एक घाव पुरतो आणि कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो.

इंजिन मोकळे झाल्यावर गिअर ऑइलचा ड्रेन बोल्ट उघडावा. जुने तेल काळे आणि पातळ असेल तर चिंता नाही. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. स्वस्त तेल भरून, इंजिन फिरवून ते पुन्हा रिकामे करावे आणि मग योग्य दर्जाचे तेल ठरलेल्या पातळीपर्यंत भरावे. या डब्यातच क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात, म्हणून मोटारीसाठी विकले जाणारे घर्षण कमी करणारे तेल यात कधीही घालू नये. क्लच घसरू लागतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्याही असतात. क्लच दाबून, गिअर टाकून गाडी ढकलली आणि चाक सुटे फिरले नाही, तर प्लेटा सोडवून साफ केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. नाहीतर पहिला गिअर पडताच गाडी पुढे झेपावते.

आता क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, सीलांविषयी, ज्यांच्याकडे नवखा माणूस सहसा पाहतच नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या खोलीत येते, म्हणून ती खोली हवाबंद असणे हेच इंजिनाचे प्राण आहेत. दोन्ही टोकांची रबरी सीले कोरडी पडून कडक झालेली असतात. मॅग्नेटकडचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाकडचे, सील गेले तर बाहेरची कोरडी हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापून धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. क्लचकडचे सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि तेलाची पातळी कोणतीही गळती न दिसता कमी होत राहते. दहा-पंधरा वर्षे उभ्या गाडीत सीले बदलूनच पुढे जावे, असे माझे मत आहे. काही इंजिनांत मॅग्नेटकडचे सील बाहेरून काढता येते, इतरांत केसिंग उघडावे लागते. दुसऱ्या प्रकारात अनुभवी मेस्त्रींची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

टाकी, पेट्रोल आणि तेल

जुने पेट्रोल उघड्या जागी, कॅनमध्ये काढावे. ते गटारात किंवा शेतात ओतू नये. टाकीत टॉर्च लावण्यापूर्वी ती रिकामी करून वाफ जाऊ द्यावी आणि आसपास विडी-काडी येऊ देऊ नये. आत गंज असेल तर मूठभर बारीक, स्वच्छ खडी किंवा सुटी साखळी आणि थोडे पाणी घालून टाकी सर्व बाजूंनी हलवावी, मग पांढरा व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवावा आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे. सोलापुरातले बोअरचे पाणी जड आहे. ते आत वाळले तर पांढरा क्षार उरतो आणि पुढे तोच कार्ब्युरेटरमधल्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्यात) जातो, म्हणून शेवटची धुणी बॅटरीत घालण्याच्या पाण्याने करावी. आपल्याकडच्या उन्हात टाकी काही तासांत ठणठणीत वाळते, पण वाळताच तिच्यात तेल-पेट्रोलचे मिश्रण फिरवावे, नाहीतर उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी पुन्हा तांबूस झाक चढते. भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंग करायचे असल्यास ते टाकीचेच काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ जिवावर बेतू शकते.

पेट्रोल कॉकची जाळी, रबरी नळी आणि वॉशर नवेच घालावेत. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून येते, आणि त्याने शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या गाड्या बांधल्या गेल्या तेव्हा असे इंधन गृहीत धरलेले नव्हते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला सैल गंज सुटा करून पुढे ढकलते. त्याच्यामुळे मिश्रण किंचित पातळही होते. उपाय साधे आहेत: इथेनॉल सोसणारी नळी वापरावी, कॉक आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवावा, आणि महिनाभरात संपेल एवढेच पेट्रोल टाकीत ठेवावे.

राजदूत आणि येझदी यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. एका लिटरला ४० मिलिलिटर म्हणजे १:२५ आणि २० मिलिलिटर म्हणजे १:५०. आपल्या गाडीचे पुस्तक सांगते ते प्रमाण पाळावे; ते हाती नसेल तर नुकत्याच जाग्या केलेल्या जुन्या इंजिनाला सुरुवातीला १:२५ द्यावे. धूर थोडा जास्त येईल, पण पिस्टन वाचेल. तेल बाटलीने अंदाजे न ओतता मापाने मोजावे आणि वेगळ्या कॅनमध्ये पेट्रोलशी हलवून मगच टाकीत घालावे. आरएक्स १०० मध्ये तेलाची टाकी आणि पंप स्वतंत्र असतो. तो पंप वर्षानुवर्षे चाललेला नसतो, नळीत हवा भरलेली असते, आणि तेल पोहोचते की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून पंपातली हवा काढावी, नळीतून तेल सरकताना डोळ्यांनी पाहावे, आणि तोपर्यंत पेट्रोलमध्येही तेल मिसळूनच इंजिन चालवावे.

कार्ब्युरेटर आणि हवेची वाट

कार्ब्युरेटर पूर्ण खोलून साफ करावा. बाहेरून स्प्रे मारून भागत नाही. वाटीत वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा-हिरवा चिकट थर असतो आणि त्याचाच कण पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकात बसलेला असतो. जेट उजेडाकडे धरून पाहिले तर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. भोकात तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून, नायलॉनच्या बारीक दोऱ्याने आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने जेट मोकळे करावेत. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, हलवून पाहावा; आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटला आहे. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हच्या टोकावर घासून पडलेली कडा दिसली तर तो बदलावा, कारण तिथून गळणारे पेट्रोल उभ्या गाडीत थेट क्रँकमध्ये साचते. एअर स्क्रू पूर्ण आत हलकेच टेकवून साधारण दीड वळसे बाहेर काढावा. ही फक्त सुरुवातीची जागा आहे. इंजिन तापल्यावर ती पुन्हा जुळवावी लागते. शेवटी स्लाइड (ॲक्सिलेटरच्या केबलने वर-खाली होणारा भाग) आपल्या वजनाने खटकन खाली पडते का आणि हँडल पूर्ण वळवले तरी केबल ताणली जात नाही ना, हे तपासावे. कार्ब्युरेटर आणि ब्लॉक (सिलिंडर) यांमधल्या रबरी जोडाला बोटांनी वाकवून त्यातल्या भेगा पाहाव्यात. आरएक्समध्ये याच जागी मिश्रण फक्त आत सोडणारा रीड व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पात्या पूर्ण मिटतात आणि कडा तुटलेल्या नाहीत, याची खात्री करावी.

एअर फिल्टरला मी या सगळ्या कामात सर्वांत वरचे स्थान देतो. सोलापूरच्या परिसरात पाऊस कमी, ऊन कडक आणि वाट मुरमाची. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ हवेत कितीतरी वेळ तरंगत राहते. मुरमाचा बारीक कण खडकाचाच असतो. तो फिल्टरच्या फटीतून आत गेला की पिस्टनच्या तेलात मिसळतो आणि ब्लॉकला आतून घासत जातो. काही दिवसांतच नवा बोर संपतो. फोमचा जुना फिल्टर हातात दाबला आणि चुरा झाला तर तो साफ करण्याच्या फंदात पडू नये, नवा कापून बसवावा. फोम चांगला असेल तर आधी रॉकेलमध्ये आणि मग साबणाच्या कोमट पाण्यात तो दाबून धुवावा, पिळू नये, सावलीत पूर्ण वाळवावा आणि फिल्टरचे तेल किंवा गिअर ऑइल लावून जास्तीचे तेल दाबून काढावे. कोरडा फोम मोठे कण अडवतो, पण बारीक धूळ अडवण्याचे काम तेलाचा चिकटपणाच करतो. डब्याच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढावी. मातीत एक फेरी मारून आल्यावर फिल्टरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कापडाने पुसावे. कापड मळले तर धूळ कुठून तरी वळसा घेऊन आत जात आहे. आवाज मोठा यावा म्हणून फिल्टर काढून गाडी चालवण्याची जी पद्धत आहे, ती आपल्या भागात तर गाडीचा जीव घेते.

ठिणगी

नवा प्लग स्वस्त असतो. जुना साफ करत बसू नये. उष्णतेची श्रेणी पुस्तकात दिलेलीच घ्यावी आणि फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे धातूचे अंग हेडला टेकवावे, प्लगच्या मूळ भोकावर कापडाची घडी ठेवावी म्हणजे आतल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागणार नाही, आणि हळूच किक मारावी. निळी, टणक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब होणारी ठिणगी दिसली तर आधी कॅप, मग वायर, मग पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोके), मग त्याला जोडलेला कंडेन्सर आणि शेवटी ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल अशा क्रमाने जावे, कारण हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे. जुन्या जावासारख्या ज्या गाड्यांत ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते, तिथे चार्ज केलेली बॅटरी जोडल्याशिवाय ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

पॉइंटची टोके उभ्या गाडीत करड्या थराने माखतात आणि करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामध्ये धरून दोन-तीनदा ओढावी, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद ओढून पूड काढावी. फट सर्वांत जास्त उघडते त्या जागी फिलर गेजने मोजावी. बहुतेक गाड्यांना ०.३ ते ०.४ मिलिमीटर चालते. पॉइंट उघडताना त्यांच्यात जाड, निळसर ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलेला आहे.

टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी नेमका किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतो, हे मोजणे. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून ते अचूक मोजता येते. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला मात्र पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी पुरते. ती मिटलेल्या पॉइंटमध्ये धरून बोटांनी अगदी हलकी ओढ द्यावी आणि दुसऱ्या हाताने मॅग्नेट इंजिनाच्या दिशेने तसूतसूने फिरवावे. ज्या क्षणी पट्टी सुटते, तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. त्या वेळी गेजवर पुस्तकातला आकडा दिसला पाहिजे. तसा नसेल तर पॉइंटची प्लेट सरकवून पुन्हा पाहावे. आधी फट आणि मग टायमिंग, हा क्रम बदलू नये, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. ठिणगी फार आधी पडली तर किक उलटी येऊन पायाला लागते आणि पिस्टनचा माथा जळतो; फार उशिरा पडली तर इंजिन तापते आणि ओढ देत नाही.

पहिली सुरुवात

गाडी उघड्यावर घ्यावी. जवळ वाळूची बादली आणि ओले पोते ठेवावे. किल्लीने किंवा स्विचने ठिणगी बंद होते, हे आधीच तपासावे. कॉक उघडून दोन मिनिटे गळती पाहावी, चोक लावावा, ॲक्सिलेटर बंद ठेवावा आणि पिस्टनचा दाब लागेल तिथून पूर्ण किक मारावी. येझदी-जावात गिअरचा दांडाच आत दाबून वर उचलला की किक होते. तो नीट बसला आहे हे पाहूनच जोर लावावा. दहा-बारा किकांत इंजिन बोलले नाही तर थांबून प्लग काढावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोहोचते पण पेटत नाही. कॉक बंद करून, प्लगशिवाय काही किका मारून आत साचलेले पेट्रोल उडवावे. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. हा एक निष्कर्ष तासाभराचा शोध वाचवतो.

इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीला निळा-पांढरा धूर येणारच, कारण आपण वरून ओतलेले तेल आणि सायलेन्सरमधला जुना थर जळत असतो. काही मिनिटांत तो ओसरला पाहिजे. ॲक्सिलेटर सोडूनही इंजिनाचा वेग आपोआप चढत गेला तर हवा कुठून तरी आत जात आहे. अशा वेळी स्विच बंद करूनही इंजिन थांबले नाही तर चोक लावावा किंवा फिल्टरचे तोंड हाताने घट्ट झाकावे. गोंधळून नुसते पाहत राहू नये. सर्व ठीक असेल तर पाच मिनिटे मध्यम वेगात चालवून बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळावेत.

काही फेऱ्यांनंतर प्लगचा रंग पाहावा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळा आणि ओलसर असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त आहे. पांढरा, कोरडा असेल तर त्याच दिवशी गाडी थांबवून हवेची गळती, जेट आणि तेल तपासावे. किक अगदी हलकी लागत असेल किंवा कॉम्प्रेशन गेजवर ॲक्सिलेटर पूर्ण उघडून १०० पीएसआयच्या बऱ्याच खाली आकडा येत असेल, तर रिंग-पिस्टन आणि बोरकडे जावे लागेल. यंत्रमागांच्या सुट्या भागांवर वर्षानुवर्षे काम केलेले लेथ कारागीर सोलापुरात आहेत आणि त्यांच्या हाताला मापाची सवय आहे. नवा पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोर मारून घ्यावा. उलट क्रमाने केलेले काम बहुधा वाया जाते.

चालवण्याआधी आणि चालवताना

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी तयार झाली, असा समज अपघाताला निमंत्रण देतो. ब्रेक ड्रम उघडून लायनर पाहावेत. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली पूड हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. टायरच्या खाचा शिल्लक असल्या तरी बाजूच्या भेगा पाहाव्यात. २००० नंतरच्या टायरवर चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच अंक असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे. तो लगेच बदलावा. आरे एकेक करून पान्याने टिचकवावेत, सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. चेनला मधोमध दोन-तीन सेंटिमीटर झोल ठेवावा. पुढचे चाक उचलून हँडल वळवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मुळातली बेअरिंग, गेलेला आहे, आणि मातीत तो दगा देतो. फोर्कमधले जुने तेल काढून दोन्ही पायांत सारखेच मोजून भरावे.

पहिले काही दिवस सपाट मुरमावर, अर्ध्या ॲक्सिलेटरपर्यंत, मधूनमधून थांबत चालवावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वेग नसेल तर वाराही मिळत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पहिल्या गिअरमध्ये चढ चढवत राहणे म्हणजे पिस्टन धरायला लावणे. त्या दिवसांत सकाळी लवकर बाहेर पडावे. चालता चालता इंजिनाची ओढ अचानक मंदावली किंवा बारीक टणटण ऐकू आली तर त्याच क्षणी क्लच दाबावा आणि ॲक्सिलेटर सोडावा, म्हणजे चाक लॉक होऊन आपण पडणार नाही. पावसाळ्यात काळ्या रानात शिरू नये. ती माती मडगार्डखाली थरावर थर चढून चाक जागच्या जागी अडवते आणि इंजिन फुकट तापते. कोणाच्या पेरलेल्या रानातून किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ माळातून गाडी नेऊ नये. तिथली घरटी जमिनीवर असतात, आणि परवानगीशिवाय आत गाडी घालणे हा गुन्हाही आहे.

प्रत्येक फेरीनंतर फिल्टर पाहावा, चेन कोरड्या ब्रशने साफ करून तेल द्यावे आणि कंपनाने सैल होणारे बोल्ट, विशेषतः इंजिन माउंटिंगचे आणि सायलेन्सरचे, हाताने तपासावेत. गाडी महिन्याहून अधिक काळ उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी स्क्रू उघडून रिकामी करावी, प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी तेल सोडून इंजिन एकदा हाताने फिरवावे, पिस्टन वर आणून ठेवावा म्हणजे सिलिंडरमधले जळालेला वायू बाहेर जाण्याचे भोक झाकलेले राहील, आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालून त्याला लाल दोरा बांधावा, जेणेकरून पुढच्या वेळी किक मारण्यापूर्वी तो काढायचे लक्षात राहील.